व्यापारी पेठेतील व्हॅले पार्किंगला नियम कसे लावावेत : मुंबईच्या फोर्ट परिसराच्या निमित्ताने

सायंकाळी सातनंतर फोर्टातील कार्यालये रिकामी होऊ लागतात आणि काळा घोडा, कैखुश्रू दुभाष मार्ग, नगीनदास मास्टर मार्ग या भागातील उपाहारगृहांसमोर गाड्या थांबू लागतात. फूटपाथवर एक उंच मेज, चाव्या अडकवण्याची पेटी, गणवेशातील दोनतीन तरुण आणि रस्त्याच्या कडेला मांडलेले लाल शंकू एवढ्या साहित्यावर व्हॅले सेवा, म्हणजे ग्राहकाची गाडी त्याच्या वतीने नेऊन लावण्याची आणि परत आणून देण्याची सोय, सुरू होते. ग्राहक चावी देऊन आत जातो. त्याची गाडी पुढे नेमकी कुठे गेली, हे तो विचारत नाही, उपाहारगृह आपणहून सांगत नाही आणि विभाग कार्यालयातील कागदांवरही त्याचे उत्तर बहुधा नसते. गाडी एखाद्या अधिकृत वाहनतळात गेली असेल तर व्हॅले ही रस्त्यावरची गर्दी कमी करणारी सोय आहे, पण ती मागच्या गल्लीत दुसऱ्या गाडीला खेटून उभी असेल, तर सार्वजनिक रस्ता खाजगी धंद्यासाठी फुकट वापरला जात आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. म्हणून चावी कोण घेतो यापेक्षा गाडी कुठे ठेवली जाते, या प्रश्नाभोवती सगळे नियमन उभे करावे, असे माझे मत आहे आणि पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. रहिवासी संघ, दुकानदारांची संघटना, उपाहारगृहाचा चालक किंवा विभाग कार्यालयातील अधिकारी, यांपैकी कोणीही सुरुवात केली तरी पायऱ्या याच राहतात.

पहिली पायरी : अधिकार कोणाचा, हे कागदावर मांडावे

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ या दोन्ही कायद्यांत ‘व्हॅले’ हा शब्द नाही. त्यामुळे तक्रारदार महापालिकेकडे गेला की त्याला वाहतूक पोलिसांकडे पाठवले जाते आणि तिथून तो पुन्हा विभाग कार्यालयात येतो. हा फेरा टाळायचा असेल तर अर्ज करण्यापूर्वीच विषयाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासमोर योग्य कार्यालयाचे नाव लिहावे.

सार्वजनिक रस्ते महापालिका अधिनियमाच्या कलम २८९ प्रमाणे महापालिकेकडे निहित आहेत. रस्त्यात अडथळा होईल असे बांधकाम किंवा वस्तू ठेवण्यास कलम ३१२ आणि ३१३ यांनी मनाई केली असून अशा वस्तू नोटीस न देता हटवण्याचा अधिकार कलम ३१४ देते. म्हणजे फूटपाथवरचे मेज, चाव्यांची पेटी, फलक, छत्री आणि शंकू हा सारा पसारा महापालिकेच्या अखत्यारीत येतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचे मात्र वेगळे आहे. गाड्या कुठे उभ्या कराव्यात आणि कुठे करू नयेत, हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५, ११६ आणि ११७ च्या आधारे ठरते आणि त्याच्या अधिसूचना प्रत्यक्षात वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात. मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी उचलून नेण्याची तरतूद कलम १२७ मध्ये आहे. सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरा धागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत उपयोगाचा आहे. उपाहारगृह चालवण्यासाठी महापालिका अधिनियमाच्या कलम ३९४ खालील परवाना लागतो आणि परवान्यात अटी घालण्याचा, तसेच अटी मोडल्यास तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम ४७९ मध्ये आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या तरुणाला रोज दंड करण्यापेक्षा ज्याच्या धंद्यासाठी तो उभा आहे त्याच्या परवान्याशी व्हॅलेच्या अटी जोडणे जास्त परिणामकारक ठरते, कारण व्हॅलेचा ठेकेदार महिन्याभरात बदलता येतो, परवाना मात्र बदलता येत नाही. अशी अट घालता येईल का, याबद्दल परवाना विभाग आणि विधी विभाग यांचे लेखी मत पहिल्याच पत्रात मागावे. पुढे संपूर्ण शहरासाठी एकच नियम करायचा झाल्यास उपविधी करण्याचा मार्ग कलम ४६१ मध्ये आहे, पण तो लांबचा आहे आणि तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही.

हाच लेख वाचून कोणी वांद्रे-कुर्ला संकुलासाठी अर्ज करणार असेल, तर तिथे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे, हे ध्यानात ठेवून पत्राची एक प्रत त्यांनाही द्यावी. पुणे, ठाणे, नागपूर यांसारख्या शहरांत मुंबईचा अधिनियम नव्हे, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो, त्यामुळे वरील महापालिकेची कलमे तशीच उतरवून चालणार नाही.

दुसरी पायरी : तीन रात्री मोजणी करावी

‘फार त्रास होतो’ असे लिहिलेल्या अर्जाला ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर येते. आकडे असलेल्या अर्जाला तसे उत्तर देणे कठीण असते. एक मधला वार, एक शुक्रवार आणि एक शनिवार निवडून सायंकाळी साडेसात ते रात्री साडेबारा या वेळेत मोजणी करावी. एक जण व्हॅलेच्या थांब्याजवळ आणि दुसरा आजूबाजूच्या गल्ल्यांत, अशी दोन माणसे पुरतात.

थांब्याजवळच्या माणसाने दर पंधरा मिनिटांनी किती गाड्या आल्या, किती परत दिल्या, त्या क्षणी किती गाड्या कडेला आणि किती दुसऱ्या रांगेत उभ्या होत्या, एवढे लिहावे. गल्लीतल्या माणसाने डॅशबोर्डवर किंवा आरशावर व्हॅलेचे टोकन दिसणाऱ्या गाड्या मोजाव्यात, त्या कुठे उभ्या आहेत याची नकाशावर खूण करावी आणि ओळख पटण्यासाठी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टिपावेत. मालक कोण, आत कोण बसले होते, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. चालकांशी हुज्जत घालू नये. बारा तास उभे राहून पोट भरणारी ती माणसे आहेत आणि गाडी कुठे लावायची हे त्यांनी ठरवलेले नसते. आमच्या एका मोजणीत सर्वांत खरी माहिती अशाच एका चालकाने चहा पिता पिता दिली होती. वाहनतळाशी करार असल्याचे त्याच्या मालकाने सगळ्यांना सांगितले होते, पण तिथला पास फक्त आठ गाड्यांचा होता.

याच वेळी टेप घेऊन रस्त्याची आणि फूटपाथची मोकळी रुंदी मोजावी. पादचारी सुविधांबाबतच्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फूटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी. मेज आणि त्याभोवती वाट पाहणारे ग्राहक धरून प्रत्यक्षात किती उरते, हे छायाचित्रासह नोंदवावे. बसथांबा, इमारतीचे प्रवेशद्वार, अग्निशमनाचा नळखांब आणि पादचारी पट्टे थांब्यापासून किती अंतरावर आहेत, हेही त्याच कागदावर असावे.

तिसरी पायरी : थांब्याचे गणित मांडावे

व्हॅलेमुळे दुहेरी रांग का लागते, याचे उत्तर चालकांच्या बेशिस्तीत शोधले जाते, पण ते बहुतेक वेळा साध्या त्रैराशिकात सापडते. समजा, गर्दीच्या तासात ४० गाड्या येतात आणि वाहनतळ ६०० मीटरवर आहे. गाडी तिथवर नेण्यास तीन मिनिटे, आत लावून कुलूप करण्यास चार आणि चालत परत येण्यास सातआठ मिनिटे धरली, तर एका फेरीला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे एक चालक तासाला चार गाड्या हलवतो आणि ४० गाड्यांसाठी दहा चालक लागतात. मालकाने सहाच चालक ठेवले तर तासात २४ गाड्या हलतात आणि १६ गाड्या रस्त्यावरच राहतात. एका गाडीला कडेने सहा मीटर धरले तर ही रांग जवळजवळ १०० मीटरची होते. फोर्टातल्या एखाद्या गल्लीची सारी लांबी एवढ्याने संपते. मग चालक काय करणार? जवळ जिथे फट दिसेल तिथे गाडी घुसवणार.

हेच वाहनतळ २५० मीटरवर असेल, तर फेरी आठ मिनिटांवर येते आणि तेच सहा चालक ४० गाड्या आरामात हलवतात. म्हणून परवानगीत चालकांची ठरावीक संख्या लिहून भागत नाही. वाहनतळाचे अंतर आणि गर्दीच्या तासातील गाड्या यांवरून किमान चालकसंख्या काढण्याचे सूत्रच अटीत यायला हवे.

थांब्याची लांबीही अशीच काढावी. प्रवासी उतरणे, गाडीवरचे ओरखडे पाहणे आणि पावती देणे यांत दोन मिनिटे गेली, तर तासाला ४० गाड्यांसाठी सरासरी सुमारे १.३ गाडीची जागा व्यापलेली असते. गाड्या मात्र सरासरीने येत नाहीत, घोळक्याने येतात, त्यामुळे तीन गाड्यांची, म्हणजे १८ मीटर जागा धरणे योग्य ठरेल. त्याहून अधिक जागा मागणारा अर्जदार थांबा मागत नसून रस्त्यावर वाहनतळ मागत आहे, असे समजावे.

रात्री साडेअकराला चित्र उलटे होते. सगळे एकदम बाहेर पडतात आणि दहा चालक अर्ध्या तासात फार तर वीस गाड्या आणू शकतात. बिल मागवतानाच फोनवरून किंवा वेटरमार्फत गाडी सांगण्याची सोय बंधनकारक केली, तर फूटपाथवर ताटकळणारा घोळका आणि ‘लवकर परत देता यावी’ म्हणून दारातच लावून ठेवलेल्या गाड्या, दोन्ही कमी होतात.

चौथी पायरी : गाडी ठेवण्याची जागा सिद्ध करायला लावावी

या पायरीवर घाई करू नये. फोर्टातील बहुतेक इमारती मोटारींचा विचारही नव्हता त्या काळातल्या आहेत. त्यांना तळघर नाही, आवार नाही आणि परिसर वारशाचा असल्यामुळे पाडून नवे बांधण्याचा प्रश्नही येत नाही. तेव्हा ‘प्रत्येक उपाहारगृहाने स्वतःच्या आवारात जागा दाखवावी’ अशी अट घालणे म्हणजे सगळ्यांना खोटी प्रतिज्ञापत्रे द्यायला लावणे होय.

दुसरीकडे, दिवसा तुडुंब भरलेली कार्यालयांची आवारे आणि तळघरे रात्री रिकामी पडतात. नरिमन पॉइंटपर्यंत नजर टाकली तरी अशा कितीतरी जागा दिसतील. दिवसा कार्यालयाची आणि रात्री व्हॅलेची, अशी एकाच जागेची दोन पाळ्यांत विभागणी करणारा लेखी करार, हा इथला सर्वांत व्यवहार्य उपाय आहे. अर्जासोबत अशा कराराची प्रत, जागांची संख्या, वापराच्या वेळा, जागामालकाची स्वाक्षरी आणि थांब्यापासून तिथवरचा मार्ग मागावा. मार्ग मागण्याचे कारण असे की, नकाशावर २५० मीटर दिसणारे वाहनतळ एकदिशा रस्त्यांमुळे प्रत्यक्षात एक किलोमीटरवर पडू शकते.

एकाच वाहनतळातील त्याच ५० जागा चार उपाहारगृहांच्या अर्जांत दाखवल्या जाण्याचा धोका खरा आहे. विभाग कार्यालयाने परिसरासाठी एकच नोंदवही ठेवून कोणत्या जागा कोणाच्या नावे आणि कोणत्या वेळेत दिल्या आहेत हे लिहिले, तर ही पळवाट बंद होते. महापालिकेच्या ‘पे अँड पार्क’ जागांचा सायंकाळी ठोक ताबा घेण्यासही स्पष्ट मनाई असावी. त्या जागा पैसे देऊन येणाऱ्या कोणाही नागरिकासाठी आहेत, एका ठेकेदाराच्या साठवणुकीसाठी नव्हेत.

दंड वाढवून हा प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांनी २०१९ चा अनुभव आठवावा. त्या वर्षी ७ जुलैपासून महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा पार्किंगसाठी पाच हजारांपासून २३,२५० रुपयांपर्यंत दंड लावला. त्या योजनेतला दंडाचा आकडा सर्वांच्या लक्षात राहिला, पण तिचा शहाणपणाचा भाग ५०० मीटरची मर्यादा हा होता : जिथे पर्याय आहे तिथेच कडक वागायचे. व्हॅलेबाबतही आधी जागांची नोंद व्हावी आणि मग दंड यावा. शिकागोच्या महापालिका संहितेत व्हॅले व्यवसायासाठी वेगळा परवाना असून ग्राहकांच्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर ठेवण्यास बंदी आहे. आपल्याकडेही हाच एक नियम पक्का बसला तर बाकीचे निम्मे नियम लिहावे लागणार नाहीत.

पाचवी पायरी : अटींचा मसुदा स्वतः लिहून द्यावा

प्रशासनाने मसुदा करावा म्हणून वाट पाहू नये. दोन पानांचा मसुदा जोडून दिला तर चर्चा त्यावर होते. परवानगी एका पत्त्यासाठी, ठरावीक वेळेसाठी आणि फार तर एका वर्षासाठी असावी. पहिल्या वेळी ती सहा महिन्यांचीच दिलेली बरी. शेजारी चार उपाहारगृहे असतील तर चार थांब्यांऐवजी एक सामायिक थांबा द्यावा. रस्त्याची लांबी वाचते आणि जबाबदारी एकमेकांवर ढकलणेही थांबते, मात्र त्यासाठी चौघांनी मिळून एक जबाबदार परवानाधारक नेमलेला असला पाहिजे.

मेज फूटपाथच्या कडेला, १.८ मीटर मोकळे सोडूनच ठेवावे आणि वेळ संपताच आत न्यावे. शंकू मंजूर लांबीबाहेर दिसले तर ते उचलून न्यावेत. थांब्यावर परवानगी क्रमांक, वेळ, वाहनतळाचे नाव, दर आणि तक्रारीचा क्रमांक मराठीत ठळकपणे लिहिलेला असावा. चालकांच्या वैध अनुज्ञप्तींची प्रत रोज थांब्यावर उपलब्ध असावी, कारण अनुज्ञप्ती नसलेल्याला गाडी चालवू देणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८० खाली स्वतंत्र अपराध आहे. आणखी एक अट मी आग्रहाने घालीन : मद्याच्या अमलाखाली असलेल्या ग्राहकाच्या हातात चावी देण्यापूर्वी उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाला बोलवावे. तरुण चालकाने एकट्याने अशा माणसाला नाही म्हणावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

थांब्याच्या जागेसाठी शुल्क घ्यावे का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते घ्यावे आणि ते त्या जागेतून ‘पे अँड पार्क’मध्ये जे उत्पन्न आले असते त्यापेक्षा कमी नसावे.

सहावी पायरी : पावती आणि जबाबदारी

‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापले की आपण सुटलो, असा समज फार रूढ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात तो खोडून काढला. दिल्लीतील हॉटेलात १९९८ साली पाहुण्याने व्हॅलेकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. चावी आणि गाडी ताब्यात घेतली की हॉटेल ती सांभाळण्यास बांधील होते आणि गाडी परत देता आली नाही, तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलनेच दाखवायचे असते. ते दाखवल्याशिवाय पावतीवरच्या छापील अटीचा आसरा घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या जबाबदारीचे मूळ भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ आणि १५१ मध्ये आहे.

म्हणून पावतीवर गाडीचा क्रमांक, घेतल्याची वेळ, आधीपासूनचे ओरखडे, ठेवण्याचे ठिकाण आणि परत दिल्याची वेळ असावी. वेळ लिहिण्याला आणखी एक कारण आहे. व्हॅलेने गाडी मनाईच्या जागी लावली तर ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येते आणि ते त्याला आठवड्याने कळते. ताब्याच्या वेळेतील प्रत्येक चलानाची रक्कम परवानाधारकाने भरावी, ही अट पावतीवरच छापलेली असावी. गाडीमालकाने पावती गाडी मिळताच फेकून न देता छायाचित्र काढून ठेवावे.

सातवी पायरी : अर्ज, पाठपुरावा आणि फेरआढावा

मोजणीचा तक्ता, नकाशा, छायाचित्रे आणि मसुदा असा एकच संच करून तो विभागाच्या सहायक आयुक्तांना आणि वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना एकाच दिवशी द्यावा. फोर्ट ‘ए’ विभागात येतो. पत्रात संयुक्त पाहणीची मागणी करावी आणि ती रात्री नऊच्या सुमारास व्हावी, असे स्पष्ट लिहावे. सकाळी अकराच्या पाहणीत तिथे रिकामा फूटपाथ दिसतो आणि अहवालही तसाच येतो. आवक-क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. महिनाभर उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून, त्या पत्त्यावर रस्ता वापरण्याची कोणती परवानगी दिली आहे, कोणत्या अटींवर दिली आहे आणि गेल्या वर्षभरात किती कारवाया झाल्या, एवढेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘परवानगी दिलेली नाही’ असे उत्तर आले तर तेच कलम ३१४ च्या कारवाईसाठी सर्वांत भक्कम कागद ठरते. रोजच्या अडथळ्यासाठी महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक तारखेसह वहीत लिहीत जावे.

परवानगी मिळाल्यानंतर चौथ्या महिन्यात पुन्हा त्याच तीन वारांना, त्याच वेळी आणि त्याच तक्त्यावर मोजणी करावी. थांब्यावर रात्रभरात घेतलेल्या गाड्या आणि त्याच रात्री वाहनतळाच्या नोंदवहीत शिरलेल्या गाड्या, हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहावेत. थांब्यावर ११० आणि वाहनतळात ७० असतील, तर उरलेल्या ४० गाड्या कुठे होत्या हे परवानाधारकाने लेखी सांगेपर्यंत नूतनीकरणाच्या अर्जावर सही होऊ नये, अशी विनंती सहायक आयुक्तांकडे सहा महिन्यांची मुदत संपण्याआधीच पोहोचलेली असावी.